लडलोचा फसलेला रविवार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही लांबणार. ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधल्या लडलो या जुन्या बाजाराच्या गावावरचा आमचा लेख वाचून तुम्ही सासूबाईंना घेऊन रेडिंगहून गाडीने निघालात आणि रविवारी साडेचारला पोचलात. चौकात बाजार नव्हता, दुकानं बंद होत होती. साडेसातला पबमध्ये गेलात तर बार सुरू, पण किचन बंद. रात्र वेफर्सच्या पुड्यांवर काढली. सकाळी शॉवरला गरम पाणी आलं नाही, खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सासूबाईंचे गुडघे दुखलेले. वर १३५ पौंड गेले. शेवटी तुम्ही विचारलंत, "बर्मिंगहॅमला राहून दोन तासांत बघून होतं, मग मुक्काम कशाला?"

यातली एक चूक सरळ आमची. लेखात "वीकेंडला एक रात्र" असं मोघम लिहिलं होतं. बाजाराच्या गावाला जाताना वीकेंड म्हणजे शुक्रवार-शनिवार, रविवार नव्हे. ते वाक्य बदललंय.

लडलोचा बाजार किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे चार दिवस भरतो. काही रविवारी जुन्यापुराण्या वस्तूंचे स्टॉल लागतात, पण तो निराळा प्रकार. नेहमीच्या बाजारातही दुपारी तीननंतर आवराआवर सुरू होते, म्हणून साडेचारला शनिवारी पोचला असतात तरी गुंडाळलेल्या ताडपत्र्याच दिसल्या असत्या. शुक्रवारची रात्र धरली की एका भाड्यात दोन बाजार मिळतात : शुक्रवारी दुपारी एकपर्यंत पोचून पहिला, आणि शनिवारी न्याहारीच्या आधी, व्हॅनमधून माल उतरत असताना, दुसरा.

आता किचन. पब बंद होण्याची वेळ आणि स्वयंपाक बंद होण्याची वेळ यांचा एकमेकांशी संबंध नसतो. बार अकरापर्यंत चालतो, पण आत एक-दोनच स्वयंपाकी असतात आणि ते साधारण बारा ते दोन आणि सहा ते साडेआठ एवढंच काम करतात. रविवारी तर हिशोबच वेगळा. सकाळी मांसाचे मोठे तुकडे ओव्हनमध्ये जातात, बारापासून रोस्ट वाढायला सुरुवात होते, आणि चारच्या सुमारास ते संपलं की स्वयंपाकी घरी जातो. रविवारी संध्याकाळी किचन बंद असणं हा तिथला शिरस्ता आहे, तुमच्याशी कुणी उर्मटपणा केला असं नाही. सोमवार-मंगळवारी बरीच रेस्टॉरंटं पूर्ण बंद असतात, हेही धरून चला. फोन करताना "किती वाजेपर्यंत उघडे आहात?" असं विचारू नका, उत्तर बारचं मिळतं. "जेवणाची शेवटची ऑर्डर किती वाजता घेता?" असं विचारा आणि त्याच फोनवर टेबल राखून ठेवा.

रविवारीच अडकलात तर? मोठ्या सुपरमार्केटचा भरवसा नको. १९९४ च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा यांच्या दरम्यान सलग सहाच तास उघडं ठेवता येतं, आणि बहुतेक जण दहा ते चार पसंत करतात. छोट्या दुकानांना हा नियम नाही. अशा गावांत रविवारी रात्री गरम जेवण बहुधा 'इंडियन'मध्येच मिळतं. ही हॉटेलं बरेचदा सिल्हेटकडच्या बांगलादेशी कुटुंबांची असतात. चव आपल्या घरची नसेल, पण डाळ आणि भात मिळतो.

सासूबाई शाकाहारी आहेत म्हणून एक जादा सूचना. व्हेजिटेरियन रोस्ट मागवला तरी त्यातले बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग (हे गोड नव्हे, पिठाचा फुगीर पदार्थ) गोमांसाच्या चरबीत भाजलेले असू शकतात. पुडिंगमध्ये अंडं तर असतंच. ग्रेव्ही मांसाच्या रसाची, आणि भाज्यांच्या सुपाला कोंबडीचा स्टॉक, हेही घडतं. "व्हेज आहे का" एवढ्याने भागत नाही. बटाटे कशात भाजलेत आणि ग्रेव्ही कसली, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे.

गरम पाण्याची तक्रार वाचून मात्र वाईट वाटलं, कारण पाणी बहुधा होतं. जुन्या घरातल्या अशा न्हाणीघरांत भिंतीवर पांढरी चौकोनी पेटी असते, तो इलेक्ट्रिक शॉवर. त्याला फक्त थंड पाण्याची लाइन जोडलेली असते आणि पाणी जाता जाताच तापतं. गिझरसारखा साठा नाही, त्यामुळे वाट बघून काही होत नाही. त्याचा मुख्य स्विच छताला असतो आणि त्यातून दोरी लोंबत असते, कधी दाराच्या आत, कधी बाहेर. ती खाली ओढून सोडली की 'खट' असा जड आवाज येतो आणि स्विचवर बारीक लाल दिवा लागतो. आदल्या पाहुण्याने किंवा साफसफाईवाल्याने दोरी ओढून तो बंद केला असेल, तर काही मॉडेलांतून पाणी येतच नाही आणि काहींतून बर्फासारखं येतं. (अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहातली जमिनीपर्यंत लोंबणारी लाल दोरी वेगळी. ती ओढली तर मदतीची घंटा वाजते.)

दिवा लागूनही पाणी कोमटच असेल तर धार कमी करा. पेटी साधारण साडेआठ ते साडेदहा किलोवॅटची असते आणि तेवढ्या शक्तीत ठरावीकच पाणी तापतं. हिवाळ्यात नळाचं पाणी सहा-सात अंशांवर येतं, म्हणून धार जोरात हवी आणि कढतही हवी हे जमत नाही. बहुतेक पेट्यांवर तापमानाचा गोल खटका 'गरम'कडे फिरवला की धारच बारीक होते. पेटी बिघडली असं वाटून लोक तो परत उलटा फिरवतात आणि कुडकुडतात.

लिफ्टची गोष्ट सोपी आहे. लडलोत सुमारे ५०० इमारती वारसा यादीत आहेत, आणि चारशे वर्षांच्या लाकडी सांगाड्यात लिफ्टची विहीर पाडायला परवानगी मिळणं अवघड असतं. बुकिंग करताना तीन गोष्टी लिहून विचारा : तळमजल्यावर खोली आहे का, नसेल तर पायऱ्या किती, आणि शॉवर टबच्या आत आहे की वेगळा. तिसरा प्रश्न गुडघ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा. टबची कड पन्नास-साठ सेंटिमीटर उंच असते आणि ओल्या पायाने ती ओलांडणं दोन जिन्यांपेक्षा जड जातं.

आता मुख्य मुद्दा, दोन तासांत बघून होतं का? इमारतींची नावं वाचून होतात. १६१९ चा फेदर्स हॉटेलचा नक्षीदार दर्शनी भाग, बटरक्रॉस ही अठराव्या शतकातली इमारत, सेंट लॉरेन्स चर्चचा १३५ फुटी मनोरा, किल्ला. पण गावाची घडण कळायला गर्दी ओसरावी लागते. मूळ बाजारपेठ किल्ल्यापासून पूर्वेला बुलरिंग या रस्त्यापर्यंत एकसलग रुंद पट्टा होती. विक्रेत्यांनी रोज मोडायचे स्टॉल हळूहळू पक्के केले, त्यांचीच घरं झाली, आणि पट्टा तीन-चार चिंचोळ्या गल्ल्यांत विभागला गेला. मोकळी राहिली ती किल्ल्यापुढची जागा. तिथेही व्हिक्टोरियन टाउनहॉल उभा होता, तो १९८६ मध्ये पाडला आणि बाजार पुन्हा उघड्यावर आला. संध्याकाळी साडेपाचनंतर बसगाड्या गेल्या की त्यातल्याच हार्प लेन या गल्लीच्या तोंडाशी उभं राहा. दोन्ही बाजूंच्या घरांची खोली बघितली की ती किती उथळ आहेत ते कळतं. एका स्टॉलच्या मापाचं घर असंच दिसणार.

नंतर पाऊण-एक तासाची फेरी करा. चौकातून डिनहॅमच्या उताराने नदीवर, पूल ओलांडून डावीकडे ब्रेडवॉक ही पायवाट, तिथून झाडीतून टीम नदीच्या काठाने लडफर्ड पुलापर्यंत. पलीकडे आलात की ब्रॉड गेट, म्हणजे गावकुसाच्या वेशींपैकी आज उभी असलेली एकमेव, आणि तिच्याखालून ब्रॉड स्ट्रीटचा चढ थेट बटरक्रॉसपर्यंत. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारला अंधार, तेव्हा ही फेरी सकाळी करावी.

किल्ल्याबद्दल तुम्ही "आपल्या राजगडापुढे पडक्या भिंती" असं म्हणालात. उंचीबद्दल वाद नाही. पण १५०२ मध्ये युवराज आर्थर याच भिंतींत वारला, म्हणून त्याचा धाकटा भाऊ आठवा हेन्री म्हणून गादीवर आला आणि आर्थरची विधवा त्याची पहिली राणी झाली. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. आणि मराठी वाचकाला बोचेल असं म्हणजे, १८११ मध्ये हा किल्ला सरकारकडून विकत घेणारा अर्ल ऑफ पॉविस हा रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. १७५६ मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर जमिनीवरची फौज घेऊन तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग जिंकणारा तोच क्लाइव्ह. किल्ला अजून त्या घराण्याकडेच आहे.

बर्मिंगहॅमहून रेल्वेने श्रूस्बरीला गाडी बदलून येता येतं, तिथून लडलो अर्ध्या तासावर. टॅक्सी मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवा. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ग्रामीण भागातल्या टॅक्सी मुलांची ने-आण करण्यात गुंतलेल्या असतात, तेव्हा साडेआठ आणि साडेतीन या वेळा टाळा.

सासूबाईंसाठी ब्रेडवॉक सोडून द्या. ओली पानं पडली की ती वाट घसरते. डिनहॅम पुलाशी नदीकाठी हिरवळ आणि बाकं आहेत. उतार तीव्र असल्याने त्यांना तिथवर गाडीने सोडा आणि फेरी पूर्ण करून परत घ्यायला या.