मोजणीवाले का जी?

चार दिवस झाले, गावात मी अजून मोजणीवालाच आहे, म्हणजे जमीन मोजणारा.

गुन्हा एवढाच, की स्पॉटिंग स्कोप घेतला, म्हणजे पक्षी पाहायची एकनळी दुर्बीण. निवडण्यातच तीन महिने गेले. पुढचं भिंग ८० मिमीचं घ्यावं तर नुसता स्कोप दीड किलोच्या आसपास, वर ट्रायपॉड. नवेगावच्या टेकडीवर तो चढवेपर्यंत पक्षी टिकेल, मी टिकणार नाही. म्हणून ५० मिमीचा घेतला, अर्ध्या किलोच्या घरातला. १५ पटीवर लख्ख दिसतं. ४५ पटीवर नेलं की भरदुपारी संध्याकाळ होते, कारण डोळ्यात शिरणारा झोत जेमतेम एक मिलिमीटरचा उरतो. उन्हं चढल्यावर तर हवाच अशी थरथरते, की समोर बदक आहे की भजं, कळत नाही. पैसे ४५ चे, वापर २० चा. बायकोचं म्हणणं, आपल्या गोंदिया जिल्ह्यात पाच फुटी सारस असताना नळी कशाला? असो. डोळा लावायची बाजू तिरकी घेतली, म्हणजे ट्रायपॉड बुटका चालतो, वजन वाचतं. याच हुशारीनं घात केला.

रविवारी मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या पाळीवर वाकून बसलो होतो. समोर चाळीसेक पट्टकादंब हंस. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे, डोक्यावरचे दोन काळे पट्टे आत्ता कुठे नीट दिसायला लागले होते.

"मोजणीवाले का जी?"

"नाही काका, पक्षी पाहतो."

"हाव, तसंच सांगतेत. मांगं रस्त्यावालेबी म्हने, फिराले आलो."

काका शेजारी बसले. बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला सातबारा निघाला. शेजारचा शेतकरी दर साली नांगराचं एक तास यांच्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, सरकवतो. मी म्हटलं, यात फक्त लांबचं दिसतं, मोजता येत नाही.

"तीन पाय हायेत, भिंग हाये, वाकून पाहाचं हाये. अजून काय लागते मोजाले?"

याला उत्तर सुचलं नाही, म्हणून डोळा लावू दिला. काकांना एक डोळा मिटता येईना, तेव्हा दुपट्टा बांधून तो बंद केला. "खाली पाहून समोरचं दिसते जी! हिरीत वाकलं का शेजाऱ्याचं घर!" मग मला न विचारता त्यांनी नळी हंसांवरून उचलून आपल्या शेताकडे, लाखोरी डाळीच्या बांधीकडे फिरवली. क्षणभर शांतता.

"अबे! लाखोरीत बकऱ्या!"

ती हाक गोंदियाला गेली असावी. चाळीसच्या चाळीस पट्टकादंब उठले. काकांनी मान वर केली नाही. "यंत्र कामाचं हाये," एवढंच बोलले.

राग आला, अजूनही आहे. पण त्या पिशवीत सातबाऱ्यामागे एक पावतीही होती. मोजणीचे पैसे भरून दोन वर्षं झालेली. दोन वर्षांत तीन पाय घेऊन गावात एकच माणूस आला, आणि तो बदकं बघत बसला. यावर माणसानं कोणाला शिव्या द्यायच्या?

सोमवारी दारात तिघं उभे, तिघांच्या हातात सातबारा. बायकोनं चहा टाकला, वर म्हणाली, "चला, नळी कुणाच्या तरी उपयोगी पडली."

काका मात्र रोज पाळीवर येतात. काल त्यांनीच मला समजावलं, "सकाळीच येत जा जी. दुपारी या यंत्रात बकऱ्या हालतेत."