राणीछाप, लिबर्ताद आणि तुमच्या पेटीतली तार

दापोलीकर, सप्रेम नमस्कार.

मेक्सिकोच्या लिबर्ताद नाण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झोडपलंत. 'कोकणात बसून परक्यांची गरुड-पांडा छापलेली नाणी कसली जमवता? चांदी हवी तर सराफाकडून वीट घ्या, चित्राचे पैसे मोजणं हा शुद्ध वेडेपणा. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपये आणि आजीच्या पेटीतली एक वाकडी चांदीची तार मांडतात, त्याला परंपरा म्हणतात.' उत्तराला आठ दिवस लागले. त्यातले चार मी नुसताच धुमसत होतो.

वेडेपणाचं आधी कबूल करतो. लेखात मी 'गुंतवणूक' हा शब्द वापरला, तो मागे घेतो. दोन वर्षांपूर्वी पैशांची नड होती म्हणून 'व्हिएन्ना फिलहार्मोनिक' हे ऑस्ट्रियाचं चांदीचं नाणं घेऊन गुहागरच्या बाजारात गेलो. एका बाजूला व्हिएन्नाच्या संगीतगृहातला ऑर्गन, दुसऱ्या बाजूला व्हायोलिनं, चेलो, हार्प. सराफाने ते डबीतून उघड्या बोटांनी उचललं (माझ्या पोटात गोळा), काट्यावर टाकलं, 31.1 ग्रॅम पाहिले आणि मोडीचा भाव सांगितला. हार्पचे वेगळे पैसे नाहीत. त्याचं काय चुकलं? वितळल्यावर व्हायोलिन उरत नाही. मी मात्र घेताना घडणावळ भरली होती, वर 3 टक्के जीएसटी. तेव्हा ज्याला मुलीच्या लग्नासाठी चांदी साठवायची आहे त्याने तुमचंच ऐकावं, माझं नव्हे.

पण 'परकं' म्हणालात, तिथे माझं भांडण आहे. तुमच्या राणीछापावरची राणी कुठली हो? व्हिक्टोरियाबाईंनी हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवलं नाही, आणि आपण दर दिवाळीला त्यांना हळदकुंकू वाहतो! रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर तोळ्याचा, त्यात चांदी 91.7 टक्के. वाजवला की खणखणायचा, एवढ्यावर आपल्या लोकांनी त्याला घरात घेतलं. पुतळ्यांच्या माळेचंही तेच. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख असायचा. आपल्या सोनारांनी तिच्या नकला पाडल्या, पुढे पुतळीवर लक्ष्मी आली, आणि आज तिला कोणी परकी म्हणत नाही.

मेक्सिकोची टांकसाळ 1535 सालची. तिथले चांदीचे रियाल स्पेनला, तिथून पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला यायचे आणि आपल्या किनाऱ्यावर वितळून दुसऱ्याच नाण्यांत, दागिन्यांत जायचे. तुमच्या पणजीच्या वाळ्यांत मेक्सिकोच्या खाणीतली चांदी नव्हतीच, असं छातीठोकपणे सांगता येईल? मला नाही सांगता येणार. त्याच टांकसाळीत 1982 पासून चांदीची लिबर्ताद पाडतात. पंखांची विजयदेवता, तिच्या मागे दोन ज्वालामुखी. त्यातला इस्ताक्सिवात्ल म्हणजे निजलेली बाई, पोपोकातेपेत्ल तिचा प्रियकर, अशी तिथली दंतकथा. उलट बाजूला निवडुंगावर बसून साप खाणारा गरुड. किंमत कुठेच लिहिलेली नाही, नुसतं 'उना ओन्सा' म्हणजे एक औंस, आणि पुढे 'प्लाता पुरा'. शुद्ध चांदी. आमची सौ. म्हणाली, 'पुरा! नाण्यावरच लिहिलंय, आता पुरे करा.'

लक्ष्मी-गणपती छापलेल्या चांदीच्या 'नाण्यां'बद्दल आकस नाही. पण सराफाकडचं ते चांदीचं पदक, नाणं नव्हे. नाणं पाडायचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा. आपल्या टांकसाळी स्मारकनाणी काढतात, त्यांतली बरीच 35 ग्रॅमची असायची, चांदी निम्मी, बाकी तांबं, निकेल, जस्त. अमेरिका 1986 पासून दरवर्षी गरुड काढते, कॅनडा 1988 पासून मेपलचं पान, चीन पांडा. आपलं असं दरवर्षीचं शुद्ध चांदीचं सरकारी नाणं नाही, याची मला तुमच्याइतकीच चुटपुट आहे. असतं तर पहिलं मीच घेतलं असतं, आणि त्यावर गलबत मागितलं असतं.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. तुमची ती तार.

आदिलशाहीत आपल्या दाभोळला 'लारी' नावाचं तारेचं नाणं पाडत. चांदीची तार मधोमध दुमडायची, चपटी करायची आणि त्यावर ठसा मारायचा. वजन पाचेक ग्रॅम. नाव इराणातल्या लार गावावरून आलेलं, म्हणजे तीही बाहेरूनच आली. दुसऱ्या अली आदिलशहाच्या नावाच्या लाऱ्या सापडतात. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत बसलं की माझ्या डोक्यात हेच चालू असतं, आणि तुम्ही ती चीज एका ओळीत, मला हिणवायला, लिहून गेलात!

तेव्हा एवढं कळवा. तार चिमट्यासारखी दुमडलेली आहे का? चपट्या भागावर फारशी अक्षरांचे तुकडे दिसतात का? वजन किती? फोटो तिरप्या उजेडात काढा. आणि पाया पडतो, दिवाळीला तिला रांगोळीने घासू नका. आमच्या आईने प्रेमाने घासलेली एक लिबर्ताद माझ्याकडे आहे. विजयदेवतेला आता नाक नाही. मऊ प्लास्टिकच्या पिशवीतही ठेवू नका, खाऱ्या दमट हवेत हिरवं चिकट सुटतं. साध्या कागदात गुंडाळा, कोरड्या डब्यात ठेवा. बोलावलंत तर रविवारी पहिल्या फेरीने येतो. वीट घेऊन नव्हे, भिंग घेऊन.