अंगठ्याने पत्रा दाबून गाडी कळत नाही

परवा रात्री कऱ्हाडहून काकांचा फोन आला. वॅगनआरचं बुकिंग रद्द केलं म्हणाले. त्याऐवजी ओळखीतल्या एकाची २०१३ ची डिझेल एसयूव्ही घेतायत, २५ हजार विसारही देऊन झालाय. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. आधी ते वाच, मग बोल."

तो मेसेज मला आधीच तीन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. आता वाचला. भारतात छोट्या गाड्या, त्यातही एकाच कंपनीच्या, म्हणजे मारुतीच्या, सगळ्यांत जास्त का खपतात याची पाच 'खरी कारणं' त्यात दिली आहेत. एक, लोकांना जिवापेक्षा मायलेज प्यारं. दोन, विक्रीचे आकडे टॅक्सीवाल्यांमुळे फुगलेले. तीन, चार मीटरपेक्षा आखूड गाड्यांची करसवलत सरकारने त्या एका कंपनीसाठी आणली. चार, गाडी स्वस्त कारण पत्रा कागदासारखा. पाच, एअरबॅग आणि सुरक्षा चाचणीत पाचपैकी मिळणारे स्टार हे नुसते विकायचे फंडे. शेवटी सल्ला असा, की बॉनेट अंगठ्याने दाबून बघा, दबलं तर घेऊ नका; जुनी चालेल, पण जाड पत्र्याचीच घ्या.

चौथ्या आणि पाचव्यापासून सुरू करतो, कारण काकांचं बुकिंग त्या दोघांनी मोडलं.

आपण हाताने दाबून बघतो ते बॉनेट आणि दाराचा बाहेरचा पत्रा म्हणजे गाडीची कातडी. तिची जाडी बहुतेक गाड्यांमध्ये, स्वस्त असो वा महाग, ०.६ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास असते. धडकेत माणसाला वाचवतो तो आतला सांगाडा: पुढचे दोन लांब बीम, दाराच्या बाजूचे खांब, दारातला आडवा दांडा, पायाखालची चौकट. यातलं काहीही अंगठ्याला लागत नाही. दार बंद करताना येणारा भारदस्त 'ठप्प' आवाजसुद्धा रबराच्या सीलने आणि दारात चिकटवलेल्या पट्ट्यांनी आणता येतो.

आणि गाडीचं तोंड चेपलंच पाहिजे. साधं गणित आहे. ताशी ६४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १८ मीटर वेगाने गाडी भिंतीवर गेली आणि तोंड ६० सेंटिमीटर चेपत थांबली, तर आतल्या माणसावर सरासरी त्याच्या वजनाच्या २७ पट जोर येतो. तीच गाडी जाडजूड राहून २० सेंटिमीटरमध्ये थांबली तर तो जोर ८० पट होतो. गाडीला ओरखडाही आला नाही म्हणून फोटो फिरतात, पण त्या वेळी चेपायचं काम आतल्या छातीने आणि मेंदूने केलेलं असतं. मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांनी पुढचा-मागचा भाग चेपणारा आणि मधली कोठी घट्ट, ही रचना मांडली आणि १९५९ साली ती विक्रीच्या गाडीत आली. इतकी जुनी गोष्ट आज पुन्हा समजावून सांगावी लागते, याचा मला खरोखर त्रास होतो.

तरी कोणाला पटत नसेल तर एकच उदाहरण देतो. जानेवारी २०१४ मध्ये गाड्या आपटून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ६४ च्या वेगाने आपटून बघितल्या: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-१० आणि फोक्सवॅगन पोलो. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार. पोलोसुद्धा! जिचं दार लावून लोक एकमेकांना आवाज ऐकवायचे, 'जर्मन पत्रा' म्हणून जिची शपथ घ्यायचे, तीच पोलो. तिचा सांगाडा चाचणीत टिकला होता. पण एअरबॅग नव्हत्या, त्यामुळे ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्याचं डोकं आणि छाती वाचण्यासारखी राहिली नाही. मग कंपनीने दोन एअरबॅगवाली पोलो चाचणीला दिली. गाडी तीच, पत्रा तोच, वेग तोच. चार स्टार.

शून्यापासून चारपर्यंतचं हे अंतर पत्र्याने कापलेलं नाही. ज्याला मेसेजवाला 'विकायचे फंडे' म्हणतो, त्या दोन पिशव्यांनी कापलं. चौथा आणि पाचवा मुद्दा या एका चाचणीत एकदमच निकालात निघतात.

आता काकांच्या नव्या 'मजबूत' गाडीकडे या. आपल्याकडे एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून. समोरून आपटण्याची चाचणी जुन्या चालू मॉडेलांनाही लागू झाली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये. २०१३ मध्ये यातलं काहीच बंधनकारक नव्हतं. मी त्या गाडीचे फोटो मागवले. स्टिअरिंगच्या मधोमध गुळगुळीत प्लास्टिक, त्यावर एअरबॅगचं अक्षर नाही. डॅशबोर्डवर डावीकडे नुसता कप्पा. मागच्या सीटवर मधल्या माणसाला कमरेचा पट्टा, बाजूचे दोन्ही पट्टे सीटखाली कोंबलेले. या गाडीत बसवून काका काकूंना खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याला आणणार, आणि का, तर बॉनेट दबलं नाही म्हणून.

वजनाबद्दल एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. जड आणि हलकी गाडी समोरासमोर धडकल्या तर जडवाल्याला कमी मार बसतो. हे भौतिकशास्त्र आहे, त्यावर वाद नाही. पण हायवेवर माणसं दुभाजकावर, झाडावर आणि रात्री दिवे न लावता उभ्या असलेल्या ट्रकच्या मागच्या बाजूवरही आदळतात. तिथे जड गाडीचा जोर तिचा तिलाच पचवावा लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा गाडी महागडी, वजनदार, जर्मन होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि ते दोघेच गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले.

करसवलतीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसी आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. पुढे जीएसटीतही हा फरक राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४०. त्यामुळे छोट्या गाड्या जास्त खपतात, यात शंका नाही. कित्येक सेडानची, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या गाड्यांची, डिकी कोयत्याने छाटल्यासारखी दिसते ती यामुळेच. पण 'एका कंपनीसाठी'? चार मीटरच्या आत बसवलेली पहिली सेडान टाटांनी आणली, २००८ ची इंडिगो सीएस. मारुतीची डिझायर त्या वेळी चार मीटरच्या बाहेर होती, ती आत आली २०१२ मध्ये. मग दुसऱ्या कंपन्यांच्या इकोस्पोर्ट, अमेझ, एक्ससेंट, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, सगळ्यांनी तीच सवलत घेतली. जी सवलत सगळ्यांनाच मिळते, ती एक गाडी दुसरीपेक्षा जास्त का खपते याचं कारण होऊच शकत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एवढा विचार केला असता तरी पुरे होतं.

टॅक्सीचं म्हणाल तर होय, डिझायर आणि वॅगनआरच्या टॅक्सी आवृत्त्या आहेत आणि त्यांचे आकडे एकूण विक्रीत धरले जातात. पण टॅक्सीवाल्याला गाडी फुकट मिळत नाही. तो दर किलोमीटरला किती पैसे जातात आणि गाडी गॅरेजला किती दिवस अडकते हे बघून कर्ज काढतो. त्याची पसंती ही माझ्या लेखी खोटी विक्री नाही, ती सगळ्यांत कडक परीक्षा आहे.

आणि 'लोकांना जीव प्यारा नाही' हे वाक्य मला लागलं. २०२४ या वर्षात देशात सगळ्यांत जास्त खपलेली गाडी टाटा पंच होती, दोन लाखांहून जास्त. ती २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार घेऊन आली होती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या डिझायरलाही पाच स्टार मिळाले. दोन्ही चार मीटरच्या आतल्या, दोन्ही मेसेजवाल्याच्या भाषेत डबे.

तरी २०२४-२५ या आर्थिक वर्षात पहिला नंबर वॅगनआरचाच होता, आणि तिला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपने एकच स्टार दिला, सांगाडाही अस्थिर ठरवला. याचं समर्थन मी करणार नाही. २०२५ पासून तिच्यात सहा एअरबॅग आल्या हे चांगलं झालं, पण पिशव्या वाढल्या म्हणून सांगाडा सुधारत नाही. तिचा सांगाडा कच्चा आहे, ही तक्रार योग्य आहे. पत्रा पातळ आहे ही तक्रार चुकीची आहे. दोन्ही एक नाहीत, आणि मेसेजने नेमका तिथेच घोळ घातला.

मग लोक ती का घेतात? काकूंना विचारा. शोरूममध्ये मी बरोबर होतो. दोन्ही गुडघे गेलेले. आधीच्या दोन गाड्यांत त्यांना डोकं वाकवून, हाताने पाय उचलून आत घ्यावा लागला. वॅगनआरचं दार उघडलं, पाठ फिरवली, बसल्या. छताची उंची १६७५ मिलिमीटर, सीट खुर्चीच्या उंचीला. "यातून मला देवळात जाता येईल," एवढंच म्हणाल्या. शिवाय लांबी साडेतीन मीटरहून थोडी जास्त, त्यामुळे पेठेतल्या बोळात वळते. सीएनजी कंपनीकडूनच बसवून येतो. तालुक्याच्या गावी क्लचप्लेट त्याच दिवशी मिळते, पाच वर्षांनी विकायला काढली तर आठवड्यात गिऱ्हाईक येतं. आणि ही शेवटची गोष्ट लोक अनुभवातून शिकलेत. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, पुढे तळेगावचा कारखानाही बंद केला. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या गाड्या चालवायला उत्तम होत्या. पण कंपनी गेली की जुन्या गाडीचा भाव कसा कोसळतो हे ज्याने शेजारच्या अंगणात पाहिलं, तो पुढच्या वेळी टिकून राहिलेल्या कंपनीकडे जातो. त्याला अडाणी म्हणायचा अधिकार कोणालाही नाही.

काकांना काल हे सगळं फोनवर सांगितलं. पोलोची गोष्ट ऐकून थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पण विसाराचं काय?" म्हटलं, मी बोलतो त्यांच्याशी, नाही दिला परत तर २५ हजार गेले असं समजू. शनिवारी सकाळी कऱ्हाडला जातोय. पंचची दारं जवळजवळ काटकोनात उघडतात आणि सीटही उंच आहे. काकूंना आधी तिच्यात बसवून बघणार आहे.