आडनावाचा वाद आणि जर्मनीचा दाखला

आमच्या मामेभावाचं लग्न ठरलंय. मुलगी पुण्याची, डेंटिस्ट आहे, आणि तिने साखरपुड्यातच सांगून टाकलं की लग्नानंतर नाव, आडनाव काहीच बदलणार नाही. झालं, फॅमिली ग्रुपवर दोन तट पडले. मामांचं म्हणणं, मग या घराशी तिचा जीव कसा जडणार, उद्या मूल झालं तर आई एका आडनावाची आणि मूल दुसऱ्या आडनावाचं, शोभतं का ते. धाकट्या मंडळींचं म्हणणं, जग कुठे गेलंय, जर्मनीत बघा! आणि लगेच मला टॅग, कारण मी स्टुटगार्टला राहते म्हणजे जर्मन बायकांची अधिकृत प्रवक्तीच.

तर बघाच जर्मनीत. इथे 1976 पर्यंत लग्न झालं की बाईला नवऱ्याचं आडनाव घ्यावंच लागायचं, फार तर आपलं जोडून लावायची मुभा. मग कायदा बदलला, दोघांनी मिळून एक आडनाव निवडायचं, बायकोचंही चालेल, पण ठरलंच नाही तर नवऱ्याचं लागणार! हे शेवटचं कलम घटनात्मक कोर्टाने 1991 मध्ये उडवलं, त्यानंतर कुठे दोघांनी आपापलं आडनाव ठेवणं सरळ शक्य झालं. आणि आजही इथली बहुतेक जोडपी नवऱ्याचंच आडनाव घेतात. माझी एक कलीग आहे, पीएचडी झालेली, घरातली कामं अगदी अर्धी-अर्धी वाटून घेणारी, नवरा डायपर बदलत नसेल तर त्याचं काही खरं नाही, तिनेही लग्नात आडनाव बदललं. का विचारलं तर म्हणाली, दारावरच्या बेलपाशी एकच नाव असलं की आम्ही एक फॅमिली वाटतो. (इथे बिल्डिंगच्या बेलवर फ्लॅट नंबर नसतो, आडनावंच असतात.) म्हणजे आमच्या मामांचंच म्हणणं, फक्त जर्मनमध्ये.

त्यामुळे परदेशाचा दाखला देऊन हा वाद जिंकता येत नाही, दोन्ही बाजूंना. फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. इथे कायदा हळूहळू बाजूला होत चाललाय. 1 मे 2025 पासून जोडप्याला दोघांची आडनावं जोडून घेता येतात आणि मुलालाही तशीच लावता येतात. गंमत म्हणजे बरोबर एक वर्ष आधी, 1 मे 2024 पासून, महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांसाठी आपल्या सरकारने नियम आणला की आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चांगला निर्णय आहे, मला मनापासून आवडला. पण त्याच निर्णयात विवाहित बाईसाठी काय, तर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, ही चालत आलेली पद्धत तशीच. म्हणजे आईचं नाव मुलाच्या नावात आलं, आईच्या स्वतःच्या नावात मात्र तिची आई कुठेच नाही.

आपल्या त्या मधल्या नावाची खरी मजा परदेशात कळते. पासपोर्टवर रकाने दोनच, सरनेम आणि गिव्हन नेम. मग नवऱ्याचं नाव माझ्या नावाला चिकटून गिव्हन नेममध्ये, आणि जर्मन ऑफिसं समजतात की हे माझंच दुसरं नाव. विमा कंपनीची पत्रं मला नवऱ्याच्या नावासकट येतात, पोरं हसतात. इथे नावावरून मुलगा की मुलगी ते कळायला हवं असा हट्टही बरीच वर्षं होता, अगदी भारताशी नातं असलेल्या एका कुटुंबाने मुलीचं नाव किरण ठेवलं तर ऑफिसने नकार दिला आणि प्रकरण घटनात्मक कोर्टापर्यंत गेलं, 2008 मध्ये कोर्टाने सांगितलं की ठेवू द्या. आपल्याकडे गल्लीत दोन किरण असतात, एक दादा आणि एक ताई, कुणाचं काही अडत नाही.

आता जीव जडण्याचं. मी लग्नानंतर आडनाव बदललं, फारसा विचार केला नव्हता आणि त्याची खंतही नाही. पण सासरशी जे काही जुळलं ते त्यामुळे नाही. सासूबाई माझ्या बाळंतपणाला इथे आल्या, शेंगेन व्हिसा 90 दिवसांचा, तेवढ्यात रात्री बाळाला घेऊन फेऱ्या मारता मारता त्या जे बोलल्या ते भारतात इतक्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचं तर पहिलं नावसुद्धा लग्नात बदललेलं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून. माहेरच्या नावाने हाक मारणारा आता एक भाऊच उरलाय. संसार त्यांनी जीव ओतून केला, नाव बदललं म्हणून नव्हे, आणि बदलल्याचं वाईट वाटतं का हे त्यांना कुणी विचारलंही नाही. मीही त्या रात्रीच विचारलं. त्या म्हणाल्या, वाटायचं गं, पण सांगणार कुणाला.

माझा आक्षेप आहे तो इथे. आपुलकीची परीक्षा असेल तर असू दे, पण ती एकटीनेच का द्यायची आणि वर फीसुद्धा तिनेच का भरायची? परदेशात नाव बदललं तर आधी पासपोर्ट, मग रेसिडेन्स कार्ड, बँक, विमा, लायसन्स, आणि डिग्रीवर जुनं नाव म्हणून प्रत्येक ठिकाणी मॅरेज सर्टिफिकेट दाखवत फिरा. माझे कितीतरी सुट्टीचे दिवस यात गेले. नवऱ्याचा एक तासही नाही.

मामांना मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की मामा, मुलाच्या नावात आईचं नाव येणारच आहे, ती काळजी सोडा. होणाऱ्या सुनेची डिग्री, डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, क्लिनिकची पाटी, सगळं तिच्या नावावर आहे. ते बदलून घ्यायचंच असेल तर त्यासाठी तुमचा मुलगा किती दिवस रजा काढणार, ते त्याला विचारून सांगा.