ईएसआयच्या साडेसहा टक्क्यांबद्दल खुलासा
वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपात मेसेज फिरतोय की दहावा माणूस घेऊ नका, दहा माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतो आणि त्यात पगाराच्या साडेसहा टक्के मालकाच्या खिशातून जातात. चूक आहे हो! ते 4.75 मालकाचे आणि 1.75 कामगाराचे मिळून व्हायचे, आणि 1 जुलै 2019 पासून तेही कमी झाले, आता मालक 3.25, कामगार 0.75. म्हणजे 15,000 पगाराला मालकाचे 488 रुपये, आणि त्यात त्या पोराच्या घरच्यांचाही दवाखाना, शिवाय आजारपणात वर्षात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. हे लागू फक्त महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्या कामगारांना. नियमाच्या भीतीने धंदा नऊ माणसांवर अडवून ठेवणं मला खरंच पटत नाही. फक्त एक लक्षात घ्या, एकदा लागू झालं की माणसं दहाच्या खाली आली तरी सुटत नाही.