‘एलईडी पार थंड असतात, म्हणून निर्धोक असतात’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गणेशोत्सव, एकांकिका स्पर्धा आणि शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली की मंडळांच्या आणि हौशी नाट्यसंस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर रंगीत एलईडी पारविषयी, म्हणजे रंगमंचावर झोत टाकणाऱ्या डब्यासारख्या दिव्यांविषयी, एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : जुने हॅलोजन पार हजार वॅटचे होते आणि भयंकर तापत, म्हणून त्यांना जाणकार माणूस लागे, एलईडी पार मात्र थंड असतात आणि वीज जेमतेम खातात. त्यामुळे त्यांना अर्थिंगची गरज नाही, एकाच प्लगवर हवे तेवढे पार जोडावेत, हलके असल्याने बाइंडिंग वायरने बांबूला बांधावेत, पाऊस आलाच तर प्लास्टिक गुंडाळावे, डीएमएक्ससाठी (नियंत्रण बोर्डवरून दिव्यांना हुकूम देणाऱ्या सिग्नलसाठी) माइकची केबल वापरावी आणि रंग बदलण्याचे काम ऑटो मोडवर सोडून द्यावे.

यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे. ३ वॅटचे ५४ एलईडी असलेला पार कागदोपत्री सुमारे १६० वॅटचा असतो आणि प्रत्यक्षात अनेकदा त्याहूनही कमी वीज घेतो. चूक त्यापुढच्या ‘त्यामुळे’ या शब्दापासून सुरू होते, कारण नंतरच्या बहुतेक गोष्टी वॅटवर अवलंबूनच नाहीत.

अर्थिंगचेच पाहा. पार कितीही कमी वीज खाणारा असला, तरी त्याच्या धातूच्या डब्यात शिरणारी वीज २३० व्होल्टचीच असते. तिचे कमी दाबाच्या डीसीत रूपांतर आतल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या सर्किटमध्ये, होते. त्या एसएमपीएसच्या फिल्टरमधील लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले असतात, आणि त्यांतून येणारा किरकोळ प्रवाह अर्थच्या वायरने जमिनीत जावा अशी ती रचना असते. थ्री-पिनची जाड पिन कापली की बॉडी अधांतरी राहते, टेस्टर मिणमिणतो आणि हात लावणाऱ्याला झिणझिण्या येतात. अशा वेळी ‘प्लग उलटा लावून बघ’ हा हमखास मिळणारा सल्ला निरुपयोगी आहे, कारण कपॅसिटर दोन्ही बाजूंना सारखेच असतात. झिणझिण्यांनी सहसा कोणी दगावत नाही. पण आतली फेजची वायर घासून बॉडीला टेकली, तर त्याच कापलेल्या पिनमुळे बॉडी पूर्ण २३० व्होल्टवर जाते आणि एमसीबी (प्रवाह जादा झाला की वीज तोडणारा स्विच) पडत नाही, कारण प्रवाहाला परतीची वाटच नसते. ती वाट शिडीवर चढून पारचा कोन बदलणारा कार्यकर्ता पुरवतो. पार लोखंडी पाइपवर किंवा ट्रसवर (धातूच्या जाळीदार तुळईवर) असतील, तर एका सदोष पारमुळे सगळा सांगाडा जिवंत होतो आणि दोष दहा फुटांवरच्या निर्दोष पारचा वाटतो.

येथे आरसीसीबीचा, म्हणजे जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचचा, प्रश्न येतो. माणसाचा जीव वाचवण्यासाठी वापरला जाणारा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो, तर ६ अँपिअरचा एमसीबी त्याच्या दोनशेपट प्रवाहही बिनतक्रार वाहू देतो. म्हणून ‘एमसीबी आहे ना’ हे उत्तर पुरेसे नाही. बरेच पार एकाच आरसीसीबीवर जोडले की प्रत्येकाची थोडी थोडी गळती साचून तो विनाकारण पडू लागतो. यावर उपाय पारची दोन-तीन सर्किटांत विभागणी करून प्रत्येकाला वेगळा आरसीसीबी देण्याचा आहे. आरसीसीबीच बायपास करण्याची आपल्याकडची पद्धत सरळसरळ घातक आहे. कार्यक्रम जनरेटरवर असेल, तर अर्थिंगचा रॉड आणि न्यूट्रल-अर्थची जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी, कारण त्या जोडणीशिवाय आरसीसीबी नुसता शोभेचा राहतो.

‘एका प्लगवर हवे तेवढे’ हा सल्ला साध्या गणितात टिकत नाही. १५० वॅटचे १२ पार म्हणजे १८०० वॅट, म्हणजे वरवर पाहता ८ अँपिअरच्या आतबाहेर. स्वस्त पारमध्ये पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष वॅट आणि व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार यांचे गुणोत्तर) सुधारणारे सर्किट नसते, तो ०.६ च्या आसपास असला, तर हाच आकडा १३ अँपिअरवर जातो. ६ अँपिअरच्या प्लगला आणि एक्स्टेन्शन बोर्डाच्या बारीक वायरला तो झेपणारा नाही. एका पारमधून दुसऱ्यात वीज नेताना किती पार जोडता येतील, ते पारच्या पाठीवरील स्टिकरवर किंवा माहितीपत्रकात दिलेले असते. तो आकडा न सापडल्यास साखळी लहानच ठेवावी.

हलकेपणाबद्दल एवढेच सांगता येईल, की ३ किलोचा पार ४ मीटरवरून सुटला तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर झालेला असतो, आणि खाली बालनाट्यातली मुले उभी असतात. बाइंडिंग वायर पिळताना आणि कोन बदलताना वाकून वाकून तुटते. प्रत्येक पारला योग्य क्लॅम्प आणि त्याशिवाय स्टीलची स्वतंत्र सेफ्टी वायर हवी. ती सैल लोंबू न देता आखूड ठेवावी, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी हिसका मोठा बसत नाही.

थंडपणाही अर्धवटच खरा आहे. झोतासोबत हॅलोजनसारखी धग येत नाही, पण एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णताच होतो आणि ती मागच्या हीटसिंकमधून बाहेर पडते. म्हणून मागची बाजू झालरीला किंवा पडद्याला टेकता कामा नये. प्लास्टिक गुंडाळले की पंखा कोंडतो आणि आत दवही साचते. उघड्यावर आयपी ६५ दर्जाचेच (धूळ आणि पाण्याचा मारा आत न शिरू देणारे) पार भाड्याने घ्यावेत. ते नसतील तर वर छप्पर हवे आणि बाजू मोकळ्या हव्यात.

माइकच्या केबलने आग लागणार नाही, हे मान्य. परंतु डीएमएक्सला १२० ओमच्या जवळच्या इम्पीडन्सची (सिग्नलला होणाऱ्या विरोधाची) केबल अपेक्षित असते आणि माइकची केबल त्यात बसत नाही. लहान अंतरावर ती चालून जाते. लांब पल्ल्यावर सिग्नल परावर्तित होऊन पार मनाने लुकलुकू लागतात. एका लाइनवर ३२ पेक्षा जास्त उपकरणे नसावीत आणि शेवटच्या पारला १२० ओमचा टर्मिनेटर (सिग्नल परावर्तित होऊ न देणारा रोधक) लावावा.

ऑटो मोडचा सल्ला वरवर निरुपद्रवी दिसतो, पण मला तोच सर्वांत बेफिकीर वाटतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्र मालिकेत लाल आणि निळा रंग झपाट्याने आलटून पालटून चमकला आणि त्यानंतर सहाशेहून अधिक जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. प्रकाशामुळे अपस्माराचा झटका येणारी माणसे थोडी असतात, पण सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी लुकलुक त्यांना बाधू शकते, आणि ब्रिटनमध्ये कार्यक्रमांसाठी सेकंदाला ४ चमकांची मर्यादा सुचवली जाते. ऑटो किंवा साउंड (आवाजावर चालणाऱ्या) मोडवर सोडलेले पार आपापल्या तालात चमकतात आणि सगळ्यांची मिळून होणारी लुकलुक त्याहून बरीच जलद असू शकते. नियंत्रण बोर्डवरून चालवतानाही ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक पारच्या पहिल्या चॅनेलचा क्रमांक, तपासावेत. सात चॅनेलच्या मोडमध्ये (एकेका रंगाला किंवा परिणामाला एक चॅनेल) पहिला पार ००१ वर असेल तर दुसरा ००८ वर हवा. मोड किंवा ॲड्रेस एका आकड्याने चुकला, तर लाल रंगाचा म्हणून वर केलेला फेडर (बोर्डवरची सरकती कळ) एखाद्या पारचा स्ट्रोब, म्हणजे झपाट्याची लुकलुक, सुरू करतो. त्यामुळे प्रेक्षक आत सोडण्यापूर्वी प्रत्येक फेडर एकेक करून वर-खाली करून पाहावा, आणि ज्या पारचा स्ट्रोब आवरत नाही त्याचे तोंड प्रेक्षागृहाकडे न ठेवता त्याची वायरच काढून ठेवावी.