गाणं माझं, बटण मास्तरचं

माझा डाव्या हाताचा एक हातमोजा अमेरिकेत लेक टाहोजवळच्या एका डोंगरावर, चेअरलिफ्टच्या बरोबर खाली, डिसेंबर २००५ पासून पडलेला आहे. गाणं बदलायला गेलो होतो, बाकी काही नाही.

आता ज्यांनी स्कीइंग केलेलं नाही त्यांना वाटेल गाणं बदलायला असं काय लागतं. तर ऐका. आधी दोन्ही काठ्या मांडीखाली दाबायच्या, हातमोजा दातात धरून ओढायचा, जॅकेटची चेन उघडायची, आत फ्लीस, त्याच्या आत थर्मल, त्या दोघांच्या मधे कुठेतरी आयपॉड, आणि हे सगळं बर्फापासून तीसेक फूट वर लोंबकळणाऱ्या बाकड्यावर बसून. तरी मी जमवलं होतं. पण शेजारी बसलेल्या गोऱ्या आजोबांनी प्रेमाने विचारलं, तू मूळचा कुठला, आणि मी संस्कारी मुलासारखं तोंड उघडून "इंडिया" म्हणालो. हातमोजा गेला. आजोबा आणि मी दोघंही तो खाली पोचेपर्यंत बघत बसलो.

हातमोजा न काढता आयपॉडच्या यादीतून हवं ते गाणं निवडता येत नाही हो. ते गोल चक्र दिसतं फिरणारं पण तिथे फिरत काहीच नाही, उघडं बोट टेकलं की तिथल्या विद्युतभारात जो बारीकसा फरक पडतो तो ओळखून ते चालतं, आणि मधे जाडजूड हातमोजा आला की त्याच्या लेखी तुम्ही जगातच नाही. कातडी लागते. आता बर्फात माणसाची उघडी कातडी कुठे असते? नाकावर. मग उरलेला दिवस मी तेच केलं. नाकाने कांदे सोलणारे आमच्या खानदानात पुष्कळ झाले, नाकाने गाणी बदलणारा मी पहिलाच.

हे सगळं मी परत आल्यावर मास्तरला सांगितलं, आणि तिथेच चुकलो. मास्तर म्हणजे आमच्या कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या अपार्टमेंटमधे बरोबर आमच्या डोक्यावर राहणारा मित्र, पेशाने हार्डवेअरवाला, कुठलीही गोष्ट पहिलीच्या वर्गापासून समजावून सांगतो म्हणून मास्तर. त्याने दोन दिवसात इंटरनेटवरून मनगटावर बांधायचा वायरलेस रिमोट शोधून काढला. वेल्क्रोचा पट्टा, त्यावर पाच मोठी रबरी बटणं, आत गोल चपटा सीआर २०३२ सेल, आणि आयपॉडच्या खालच्या फटीत खुपसायचा एक रिसीव्हर. माझा आयपॉड नॅनो, सगळा मिळून ४२ ग्रॅम, त्याच्या बुडाला तो रिसीव्हर लावल्यावर चिमणीने वीट उचलल्यासारखं दिसायला लागलं. दोन घेतले तर शिपिंग फुकट होतं. म्हणून आम्ही दोन घेतले. शिपिंग फुकट म्हटल्यावर मराठी माणसाचं पुढचं डोकं चालत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

"टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेड असतो," मास्तर चहा ओतता ओतता सुरू झाला, "त्याला समोरचं दिसावं लागतं. हा रेडिओ लहरींवर चालतो. जॅकेट, फ्लीस, सगळ्याच्या आरपार. साठ फुटांवरून पण चालतो."

"अरे पण माझं मनगट माझ्या खिशापासून साठ फूट लांब कधी जाणारे?"

"तू पडतोस कसा ते बघितलंय मी."

तर फेब्रुवारी २००६, प्रेसिडेंट्स डेची जोडून आलेली सुट्टी, सॅन फ्रान्सिस्कोजवळचा अख्खा बे एरिया आय-८० हायवेवर, डॉनर घाटाच्या अलीकडे चाकांना चेन लावा म्हणून अडवलेलं. चार तासांचा रस्ता आठ तास. सोडा ते.

सकाळी भाड्याच्या स्की घ्यायला गेलो तर फॉर्मवर वय, उंची आणि वजन. बायको शेजारीच उभी. मी वजन लिहिताना पंधरा पाउंड कमी लिहिले. आता हे नुसतं मिरवायला विचारत नाहीत, त्या आकड्यांवरून स्कीचा बूट किती जोर आला की सुटायचा ते सेट करतात, वजन कमी सांगितलं की तो कमी जोरात सुटतो. हे मला नंतर कळलं. उताराच्या मधोमध कळलं.

मनगटावर रिमोट बांधून पहिलं बटण दाबलं आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. हातमोज्यासकट. चेन बंद, तोंड मोकळं, कानात भीमसेनजींचा अभंग, समोर निळाशार तलाव. मी मास्तरला लांबूनच नमस्कार केला. त्यानेही हात वर करून मनगटावर टिचकी मारून दाखवली. अभंग बंद झाला आणि ढोलकी सुरू झाली.

मला वाटलं काठीच्या पट्ट्याने बटण दाबलं गेलं असणार. परत अभंग लावला. दोन मिनिटांनी परत ढोलकी, आणि आवाज आपोआप वर, वर, अजून वर. मी नवशिक्यांच्या उतारावर, दोन्ही स्कीची टोकं आत वळवून त्रिकोण करून, ज्याला तिकडे पिझ्झा म्हणतात, जीव मुठीत धरून घसरतोय, शिकवणारी मुलगी कडेने "पिझ्झा! पिझ्झा!" ओरडतीय, आणि मला तिचे फक्त ओठ हलताना दिसतायत. मला वाटलं जेवायचं विचारतीय. मी मान हलवली. तेवढ्यात गाणं परत बदललं आणि मंडळाच्या गणपतीसाठी भरून ठेवलेली आरती लागली. आता आरती लागली की आपले हात कुठे जातात हे मी मराठी माणसाला सांगायला नको. दोन्ही हातात काठ्या होत्या. नारिंगी जाळीचं कुंपण होतं म्हणून थांबलो. तिथे एक स्की पंधरा पाउंडांच्या हिशोबाने आपली आपण सुटली आणि माझ्याशिवाय पुढे गेली, अगदी सरळ, सुंदर. चारेक वर्षांचं एक पोरगं मला वळसा घालून गेलं आणि जाता जाता सॉरी म्हणालं.

टाहोच्या ओल्या जड बर्फाला तिकडचे लोक सिएरा सिमेंट म्हणतात. त्यात मी प्लास्टर झालेला असताना मास्तर आला. काळजीने नाही. वैतागून.

"काय बोगस वस्तू आहे यार. माझं गाणं आपोआप बदलतंय!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग एकमेकांच्या मनगटाकडे. दोन्ही रिमोट एकाच फ्रिक्वेन्सीवर, दोघांचा एकच कोड, वेगळे ओळखायची काही सोयच नाही. साठ फुटांच्या आत जो बटण दाबेल तो दोघांचाही मालक.

"मला वाटलं कोड वेगळे असतील," पहिलीपासूनचं सगळं समजावणारा माणूस म्हणाला.

शहाण्या माणसांनी एक रिमोट काढून ठेवला असता. आम्ही लिफ्टवर पुढेमागे बसलो आणि युद्ध केलं. तो आवाज वाढवायचा, मी कमी करायचो, तो पुढचं, मी मागचं, त्यामुळे एकच ओळ मला अकरा वेळा ऐकू आली आणि त्यालाही दुसरीच कुठलीतरी अकरा वेळा. मागे बसलेली बायको नंतर म्हणाली, "लांबून असं वाटत होतं की तुम्हा दोघांना एकदम मनगटाला खाज सुटलीय."

दुपारनंतर वारा सुटला आणि मास्तरचा रिमोट थंड पडला. थंडीत त्या गोल सेलचा जोर ओसरतो, मेलेला नसतो, गारठलेला असतो. मग मास्तरने तो हातमोज्यासकट काखेत धरला आणि अंडं उबवणाऱ्या कोंबडीसारखा अर्धा तास बाकावर बसून राहिला. तेवढा अर्धा तास मी माझ्या मर्जीने गाणी ऐकली. त्या ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं स्कीइंग त्या अर्ध्या तासातलं, म्हणजे पडलो दोनदाच. संध्याकाळी आईला फोन केला तर ती म्हणाली, "अरे पण बर्फात गाणी कशाला? आधी कान झाक. कानटोपी दिलीय ना मी."

पुढच्या रविवारी सकाळी घरी पोहे चालले होते, आयपॉड वायरीने कॉम्प्युटरच्या स्पीकरला जोडलेला, बारीक आवाजात भूपाळी. रिसीव्हर काढायचा राहून गेला होता. घास तोंडाशी नेला आणि अख्खं घर हादरेल एवढ्या आवाजात ढोलकी सुरू झाली. बायकोच्या हातातला झारा पडला. मी वर फोन लावला.

"अरे सेल बदलून बघत होतो," मास्तर म्हणाला. "चालतोय ना?"